तंजावरचे विद्याव्रती सरफोजीराजे

राज्य विस्तारणारे राजे इतिहासाला नवे नाहीत. राज्य गमावणारेही पुष्कळ झाले. परंतु राज्य हातून गेल्यावर उरलेल्या आयुष्याचे ज्यांनी विद्येसाठी सोने केले, असे राजे विरळाच. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे हे त्या विरळ पुरुषांतील अग्रगण्य होत. कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तमिळ भूमीत राज्य करणाऱ्या भोसले कुळातील या पुरुषाने ग्रंथसंग्रह, प्रयोगसाधने, रुग्णोपचार, मुद्रण आणि शिक्षण या पाचही क्षेत्रांत जे कार्य केले, त्याला आजच्या भाषेत संशोधनसंस्थेची उभारणी म्हणावे लागेल. भारतात विद्यापीठे स्थापन होण्याच्या अर्धशतक आधी, आणि तेही मराठी भाषेला मध्यभागी ठेवून हे घडले, याचे स्मरण मराठी माध्यमाच्या शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात करणे सर्वार्थाने उचित ठरते.

तंजावरात मराठ्यांचा अंमल सुरू झाला तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे गादी स्थापिली. त्यांच्यामागून आलेल्या राजांनी तमिळ प्रजेवर राज्य करताना तेलुगू व संस्कृत विद्वानांना आश्रय दिला आणि घरात व दरबारात मराठी जिवंत ठेवली. नायक राजांच्या काळापासून राजवाड्यात असलेल्या ग्रंथांची त्यांनी जपणूक केली, त्यांत भर घातली. अशा बहुभाषी वातावरणाचा वारसा सरफोजीराजांना लाभला होता.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्याच एका शाखेत झाला. तुळजाजीराजांना पुत्र उरला नव्हता. १७८७ मध्ये, आपल्या अखेरच्या दिवसांत, त्यांनी या लहान मुलाला दत्तक घेतले आणि त्याच्या पालनाची काळजी वाहण्याची विनंती ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्त्झ या वृद्ध जर्मन धर्मोपदेशकाला केली. हाले येथील विद्यापीठात शिकून दक्षिण भारतात आलेले श्वार्त्झ तमिळ भाषेत पारंगत होते आणि त्यांच्या सचोटीविषयी राजापासून रयतेपर्यंत सर्वांना विश्वास होता. त्यानंतर लवकरच तुळजाजीराजे निवर्तले आणि बालराजाच्या आयुष्यात संकटांची मालिका सुरू झाली.

तुळजाजीराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी प्रथम कारभार आणि मग गादी स्वतःकडे घेतली. काही पंडितांनी दत्तविधानच अशास्त्रीय ठरविल्यामुळे त्यांच्या हक्काला बळ मिळाले. लहानग्या सरफोजींच्या वाट्याला राजवाड्यातच नजरकैदेसारखे जिणे आले. त्यांच्या शिक्षणाकडेही दुर्लक्ष होऊ लागले. श्वार्त्झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजीराजांच्या विधवा राण्या यांना सुरक्षिततेसाठी मद्रासेस नेण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याकडे त्यांचे अध्ययन चालू राहिले. मराठी, तमिळ, तेलुगू व संस्कृत या भाषांबरोबर इंग्रजी त्यांनी उत्तम आत्मसात केली. युरोपातील अन्य भाषांचाही परिचय करून घेतला. भूगोल, गणित, खगोल, निसर्गविज्ञान यांची गोडी याच वयात लागली.

दत्तविधानाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला, ते वैध ठरले आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजीराजे गादीवर आले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत श्वार्त्झ यांचे निधन झाले होते. शिष्याला सिंहासनावर पाहण्याचे भाग्य गुरूला लाभले नाही. राजांनी लंडनचे ख्यातनाम शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून गुरूंचे संगमरवरी स्मारकशिल्प घडवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरू आणि त्यांच्याजवळ उभा असलेला शिष्य असा तो प्रसंग आहे. गुरूंच्या समाधिलेखासाठी राजांनी इंग्रजीत पद्यरचनाही केली. गुरूचा धर्म त्यांनी स्वीकारला नाही. ते अखेरपर्यंत निष्ठावान शिवभक्त राहिले. मात्र गुरूने दिलेली जिज्ञासा त्यांनी जन्मभर जोपासली. आदर आणि अंधानुकरण यांतील भेद त्यांना अचूक कळला होता.

सिंहासन मिळाले, पण सत्ता फार काळ टिकली नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये तंजावरचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन झाले. राजांकडे उरले ते तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वर्षाला एक लक्ष स्टार पॅगोडांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. सैन्य नाही, परराष्ट्रव्यवहार नाही, करवसुली नाही. मात्र हाती पैसा आहे आणि पुढे सारे आयुष्य आहे. अशा अवस्थेत अनेक संस्थानिक विलासात बुडाले. सरफोजीराजांनी सत्तेचा तह मान्य केला. आळसाशी मात्र त्यांनी तह केला नाही. ज्या विषयांत कंपनीला आडकाठी घालण्याचे कारण नव्हते, असे विषय त्यांनी निवडले आणि त्यांत ते पुढील तीस वर्षे रमले.

पहिला विषय ग्रंथांचा. तंजावरचे रेसिडेंट राहिलेले बेंजामिन टोरिन पुढे लंडनहून राजांसाठी पुस्तके व उपकरणे पाठवीत असत. रसायन, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, प्रवासवर्णने, नकाशे, संगीत अशा नानाविध विषयांचे ग्रंथ समुद्रमार्गे येत. डॉ. जॉन्सन यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश त्यांत होता. राजे ते ग्रंथ कपाटाच्या शोभेसाठी आणवीत नसत. वाचलेल्या कित्येक पुस्तकांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आजही पाहावयास मिळते. त्याच वेळी भारतीय विद्येचे धनही ते जमवीत होते. १८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह त्यांनी काशीयात्रा केली. यात्रेकरू गंगाजल घेऊन परततो. राजांनी त्याबरोबर हस्तलिखितेही आणली. जी पोथी विकत मिळाली ती घेतली, जी मिळाली नाही तिची पंडितांकरवी नक्कल करून घेतली. ताडपत्रावरील व कागदावरील संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी ग्रंथ आणि युरोपातील छापील ग्रंथ एका छपराखाली आले. सरस्वती महाल ग्रंथालयाला जागतिक कीर्ती लाभली ती या संगमामुळे.

दुसरा विषय प्रयोगाचा. राजवाड्यास भेट देणाऱ्या युरोपीय पाहुण्यांना तेथे खगोलवेध घेण्याची उपकरणे, विद्युत्‌यंत्र, हवा उपसणारा वायुपंप आणि हस्तिदंती सांगाडा पाहून आश्चर्य वाटे. मानवी अस्थींना स्पर्श करणे निषिद्ध मानले जाई. म्हणून शरीररचनेच्या अभ्यासासाठी सांगाडा हस्तिदंताचा. रूढीशी भांडण न काढता अभ्यासाची वाट मोकळी करण्याची ही युक्ती राजांच्या स्वभावाला साजेशी आहे. वायुपंपाचे महत्त्व आजच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. काचेच्या पात्रातील हवा या यंत्राने काढून घेतली की आत वाजणाऱ्या घंटेचा नाद क्षीण होत जातो. पीस आणि नाणे एकाच वेगाने खाली पडतात. हवा डोळ्यांना दिसत नसली तरी तिला वजन आहे, तिचा दाब आहे आणि गतिमान वस्तूला ती विरोध करते, हे त्या काळी जगभर अशाच प्रयोगांनी दाखविले जाई. पुढे विमानविद्या याच समजुतीवर उभी राहिली. माणसाने यंत्राच्या साह्याने आकाशात झेप घेण्याच्या शंभर वर्षे आधी कावेरीकाठच्या एका मराठी राजवाड्यात वायूच्या गुणधर्मांचा अभ्यास करण्याचे साधन होते, ही गोष्ट लहान नाही.

यंत्रे आणि ती घडविणारे हात यांचे मोल त्या काळी तंजावरने आणखी एका प्रसंगात पाहिले. कर्नल लॅम्बटन यांनी दक्षिण भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालविली होती. त्यांचे थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. सपाट प्रदेशात टेकड्या नसल्यामुळे उंच मंदिरांचा वेधासाठी उपयोग केला जाई. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर हे यंत्र चढविले जात असताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे धातूचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून, ओढून-ठोकून ते वर्तुळ पूर्ववत केले आणि मोजणी पुढे चालू झाली. अंशाच्या अतिसूक्ष्म भागाचा हिशेब करणारे शास्त्र शेवटी धातूच्या गुणधर्मांवर, दोराच्या बळकटीवर आणि कारागिराच्या सबुरीवर अवलंबून असते, हा धडा त्यात आहे. पदार्थविज्ञानाच्या आजच्या प्रयोगशाळांतही तोच गिरवावा लागतो.

तिसरा विषय आरोग्याचा, आणि राजांच्या विशेष आवडीचा. धन्वंतरी महाल या नावाने त्यांनी चालविलेल्या संस्थेत औषधे तयार होत, त्यांचा उपयोग पारखला जाई आणि माणसांप्रमाणे जनावरांच्या रोगांचाही विचार होई. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा भिन्न पद्धतींचे जाणकार येथे एकत्र येत. गुणकारी ठरलेल्या औषधांची माहिती तमिळ पद्यांत गुंफून ठेवण्यात आली. राजांच्या नावावरून ते ग्रंथ शरभेंद्र वैद्यपद्धती म्हणून ओळखले जातात. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली गेली. नेत्ररोगांवरील उपचारांची टिपणे तर आजच्या वैद्यांनाही थक्क करतात. रुग्णाची लक्षणे, केलेले उपचार, मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया यांच्या नोंदी आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे असे ते कागद सरस्वती महालात जपून ठेवलेले आहेत. गुण आला एवढ्यावर समाधान न मानता, कोणाला, कशाने, किती गुण आला हे लिहून ठेवणे म्हणजेच संशोधन. उपचार करणारे वैद्य सर्वत्र होते. नोंद ठेवणारी संस्था राजांनी निर्माण केली.

चौथा विषय मुद्रणाचा. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू केला आणि त्याला नवविद्याकलानिधी असे अर्थपूर्ण नाव दिले. दक्षिण भारतातील देवनागरी मुद्रणाचा हा आरंभ होय. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी मराठी मुद्रण हाती घेतले तोच हा काळ. तंजावरच्या या छापखान्यात संस्कृत ग्रंथ छापले गेले, आणि इसापाच्या नीतिकथांचा मराठी अवतार असलेले, सख्खन पंडितांनी सिद्ध केलेले बालबोधमुक्तावली हे पुस्तकही तेथेच छापले गेले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक पुस्तक महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तमिळ देशात आणि तेही मुलांसाठी निघाले, याचा प्रत्येक मराठी शिक्षकाला अभिमान वाटावा.

पाचवा विषय शिक्षणाचा. आणि येथे राजांचे द्रष्टेपण पूर्णपणे प्रकट होते. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. राज्य कंपनीकडे गेल्यावर ही छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत म्हणून सरफोजीराजांनी आग्रहाने पत्रव्यवहार केला. तेथे केवळ अन्नदान होत नसे. आजारी वाटसरूची शुश्रूषा होई, वेदाध्ययनाबरोबर अक्षरविद्येचीही सोय असे. ओरतनाड येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांतील विशेष प्रसिद्ध. राजांनी स्थापन केलेल्या शाळांतून मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत अशा भाषा शिकविल्या जात. इंग्रजीलाही स्थान होते. परंपरागत पाठांतराच्या जोडीने भूगोल, गणित आदी नव्या विषयांचा प्रवेश झाला. या नव्या ज्ञानाला राजांनी नवविद्या हा सुटसुटीत शब्द योजला.

नवविद्या सामान्यांपर्यंत कशी न्यावी याचा त्यांनी काढलेला मार्ग तर मोठा मनोज्ञ आहे. तमिळ रंगभूमीवर कुरवंजी नावाचा लोकप्रिय नृत्यनाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरातून आलेली भविष्य सांगणारी स्त्री आपल्या देशाचे, डोंगरनद्यांचे वर्णन करते. राजांनी देवेंद्र कुरवंजी हे नाट्य मराठीत रचले आणि त्या भविष्यवादिनीच्या मुखी अवघ्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र यांची माहिती गाण्यातून, नृत्यातून प्रेक्षकांच्या कानी पडू लागली. साचा तमिळ, भाषा मराठी आणि आशय नव्या विज्ञानाचा! अवघड विषय मातृभाषेत सांगता येत नाही, अशी शंका आजही अनेकांच्या मनात येते. दोनशे वर्षांपूर्वी मराठीत आधुनिक परिभाषा जवळजवळ नव्हती, तरी राजांना ती अडचण वाटली नाही. जे स्वतःला नीट समजले ते त्यांनी आपल्या भाषेत मांडले. त्याच वेळी त्यांनी इंग्रजीचा द्वेष केला नाही. इंग्रजी त्यांच्यासाठी जगाकडे उघडणारी खिडकी होती आणि मराठी राहते घर. खिडकी हवी म्हणून घर पाडावे लागत नाही.

याखेरीज त्यांचे कार्य बहुविध आहे. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख त्यांनी कोरविला. चिटणीस बाबुराव यांनी तो रचला. १८१४ मध्ये समुद्रकिनारी मनोरा हा आठ मजली बुरूज बांधला. इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयाचे ते स्मारक होते, आणि त्यात पराधीन राजाची अपरिहार्यताही दिसते. संगीत व नृत्याला त्यांच्या दरबारी मोठा आश्रय मिळाला; पाश्चात्त्य वाद्यांचाही तेथे स्वीकार झाला. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आले. लव्हाझिये, लिनियस, ब्युफाँ यांच्या ग्रंथांविषयी सहजपणे बोलणारा आणि इंग्रजी काव्याची पारख असलेला हा राजा पाहून ते विस्मित झाले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने राजांना सन्माननीय सदस्यत्व दिले.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि कंपनीने उरलीसुरली गादीही खालसा केली. धन्वंतरी महालाचे काम थांबले. छापखाना तर इतिहासजमाच झाला. येथे एक कठोर सत्य ध्यानी येते. राजांनी संस्था उभारल्या, पण त्या राजांच्या खजिन्यावर आणि राजांच्या उत्साहावर चालत होत्या. त्या चालविणारी शिष्यपरंपरा सिद्ध झाली नाही आणि ज्ञानाचा दिवा एका हातातून दुसऱ्या हातात गेला नाही. युरोपातील विद्यापीठांत प्राध्यापक जात, पण पद राहत असे. विद्यार्थी गुरूच्या पुढे जाऊन नवे सिद्धान्त मांडीत असत. ते येथे घडू शकले नाही. त्याचे मोल देशाला एक शतकभर मोजावे लागले.

टिकले ते ग्रंथालय. बर्नेल या विद्वानाने तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची केली आणि ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष तंजावरकडे वळले. १९१८ मध्ये हे ग्रंथालय सार्वजनिक झाले. ज्या क्षणी त्याचे दार सर्वांना खुले झाले, त्या क्षणी ते चिरंजीव झाले. परंतु तंजावर दरबारची मोडी लिपीतील कागदपत्रे अजूनही वाचकांची वाट पाहत आहेत. मोडी जाणणारे थोडे, आणि कागद मोठ्या संख्येने. लिपी विसरली की घरातलेच धन परके होते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

जी शिष्यपरंपरा तंजावरात खंडित राहिली, ती विसाव्या शतकात विद्यापीठांच्या रूपाने भारतात रुजली. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विष्णू माधव घाटगे जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गेले आणि वायुगतिशास्त्राचे आद्य आचार्य लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. सरफोजीराजांना जर्मन गुरू घरी येऊन भेटला. घाटगे जर्मन गुरूच्या शोधात समुद्रापार गेले. परतल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचे अध्यापन केले आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये रचना केलेले त्यांचे एचटी-२ हे प्रशिक्षणविमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अभियंत्यांनी पुढची विमाने घडविली. वायूविषयीचे जे कुतूहल एकेकाळी राजवाड्यातील एका दालनापुरते होते, ते आता सामान्य घरातील बुद्धिमान मुलाच्या आवाक्यात आले. मधल्या काळात या देशात शाळा निर्माण झाल्या होत्या, हेच त्याचे कारण.

सरफोजीराजांच्या चरित्राचा मथितार्थ यातच आहे. साधने विकत आणता येतात. ती वापरणारे मन घडवावे लागते, आणि ते घडविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालावे लागते. राजांपाशी धन होते, बुद्धी होती, ग्रंथ होते. फक्त त्यांच्यामागून वर्ग चालू ठेवणारे कोणी नव्हते. साठ वर्षे अखंड वर्ग भरविणारी शाळा ही म्हणूनच सामान्य गोष्ट नव्हे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेशी नाते राखावे, पालकांनी आपल्या पाल्याला मातृभाषेत प्रश्न विचारू द्यावेत, शाळेचे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा ही कुलुपात न राहता मुलांच्या हाती राहावीत, हीच त्या विद्याव्रती राजाला खरी आदरांजली ठरेल.